संध्याला काय येतं?

जागृतीनं लॅपटॉप मांडीवर घेऊन आईला पुन्हा विचारलं, तुला काय काय येतं ते सांग. आणि संध्याचं आपलं एकच, काय नाय गो, घरचं सगळं येतं.

जुईनगर स्टेशनजवळ म्हाताऱ्या माणसांसाठी एक केंद्र निघालं होतं. अर्धांगाचा झटका येऊन वाचा गेलेल्यांना सांभाळायला, त्यांच्याशी बोलत बसायला तिथं बायका हव्या होत्या. संध्याला ती नोकरी मनापासून हवी होती. पण आधी रेझ्युमे पाठवायचा, तो पसंत पडला तरच बोलावणं येणार. जागृती पडली आजकालची मुलगी, तिनं मोबाइलवरून आयते स्किल्स उचलून भरले. लीडरशिप, टीमवर्क, टेन्शनमध्येही शांत राहणं. वाचून संध्याला हसू फुटलं. ही कोण बाई, तिनं विचारलं, आपल्या गल्लीतली तर दिसत नाही.

आता खरं काय लिहायचं ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं हो! संध्याची सासू सुमित्राबाई म्हणजे गावची धवलारीण. आगरी लग्नात त्यांनी धवले गायल्याशिवाय नवरीला हळद लागायची नाही. आणि नेमका त्यांनाच झटका आला नि वाचा गेली. साधं पाणी मागता येईना. घरच्यांनी हात टेकले. मग एकदा सासूचे केस विंचरता विंचरता संध्या सहज हळदीचा धवला गुणगुणायला लागली, तर पुढची ओळ सासूच्या तोंडून आली, चांगली शब्दांसकट. तिथून तिनं चंगच बांधला. सासूनं पाणी मागायचं ते चालीत, भात मागायचा तो चालीत, शेजारणीवर चिडायचं तेही चालीत. हळूहळू चाल सुटली आणि बोलणं राहिलं. वाक्य लांब असलं तर मात्र सुमित्राबाईंना अजून गावंच लागतं.

पण हे कागदावर घालायला संध्या काही केल्या तयार होईना. घरच्या माणसाचं केलेलं बोलून दाखवायचं नसतं, हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं. "सासूचं केलं ते काय बाजारात मांडू?" ती म्हणाली. जागृती वैतागली, मग जाऊ दे कोराच, म्हणून लॅपटॉप मिटायला लागली. कोरा गेला तर नोकरी हातची जाणार, हे दोघींनाही कळत होतं. पण ऐकेल तर ती संध्या कसली!

सुमित्राबाई खाटेवर जवळा निवडत बसल्या होत्या. त्यांनी सूप बाजूला सारलं. "लिव, जागू," त्या म्हणाल्या. पुढचं लांब होतं, ते काही येईना. ओठ नुसतेच हलले. मग त्यांनी डोळे मिटले आणि हळदीचा सूर लावला.

"संध्या माजी सून गो, तिनं मना बोलती केली..."

धवल्यात नवरीचं नाव घालतात. संध्याच्या लग्नात सुमित्राबाई होत्या वरमाई, त्यामुळे धवलारीण दुसऱ्या गावची आणली होती. आपल्या सुनेचं नाव आपल्या तोंडून गायचं राहिलं, ही हळहळ त्यांनी सगळ्या भावकीला ऐकवलेली. संध्यानंही ती ऐकली होती. तिनं ओढणी तोंडाला लावली. आता नाही म्हणायचं तरी कुठल्या तोंडानं?

जागृतीनं ते लीडरशिप नि टीमवर्क पुसून टाकलं आणि तिथं एवढंच लिहिलं, की सासूबाईंची वाचा गेली होती, त्यांना गाण्यातून पुन्हा बोलायला शिकवलं. सुमित्राबाईंनी तिला ते मोठ्यानं वाचायला लावलं आणि नकाराची मान हलवली.

"सासू नको. आय लिव."

जागृतीनं तसं लिहून रेझ्युमे पाठवला. चार दिवसांनी केंद्रातल्या बाईंचा फोन आला तेव्हा संध्या कपडे वाळत घालत होती. फोन सुमित्राबाईंनी उचलला.

"संध्या हाय घरान. देते," त्या म्हणाल्या. चाल न लावता.