गावाबाहेर कुणी गेलं होतं का

पाम गावच्या शाळेत मी मास्तर होतो तेव्हाची ही गोष्ट. तारापूरच्या किनाऱ्याला वीजघराचं बांधकाम चालू होतं आणि बोईसरच्या रस्त्यानं दिवसभर मालमोटारी जात. आमच्या लग्नाला सात वर्षं झाली होती. मूल नव्हतं.

शाळेत मी भगत आणि अंगाऱ्याविरुद्ध बोलत असे. एका बापाला तर पालकसभेत उभं करून खजील केलं होतं, आजारी मुलीला त्यानं भगताकडे नेलं म्हणून. आणि त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी बायकोला घेऊन जव्हारपलीकडच्या डोंगरात एका भगताकडे गेलो. सात वर्षांत तिनं मागितलेली ती एकच गोष्ट होती. गावात आम्ही त्र्यंबकेश्वरला जातो असं सांगितलं.

पाड्यावर एका कुडाच्या खोपटात पाच दिवस राहिलो. मागेच ओढा होता, डास फार. म्हाताऱ्या भगतानं कसलीशी मुळी उगाळून तिला दिली. परतताना बसमध्ये ती खिडकीशी बसून हसत होती. तशी ती मला पुन्हा दिसली नाही.

घरी आल्यावर दहा-बारा दिवसांनी तिचं डोकं धरलं. मग सांधे दुखू लागले, सकाळी मळमळ सुरू झाली. एका दुपारी थंडी भरली. दोन गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. मग ताप चढला, मग दरदरून घाम आला, आणि दिवेलागणीला उठून तिनं भाकऱ्या थापल्या. दुसऱ्या दिवशी काहीच नाही. तिनं अंगण सारवलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा थंडी. मला वाटलं मुळी बाधली, म्हणून मी तिला ताक आणि लिंबूपाणी देत राहिलो. तिला वेगळंच वाटत होतं. तिची पाळी लांबली होती. मळमळ, डोळ्यांपुढची अंधारी, तोंडाची गेलेली चव, सगळ्याचा तिनं एकच अर्थ लावला. तापाचं मी काढलं की म्हणायची, कुणाकुणाला असंच होतं.

त्याच आठवड्यात हिवतापाचा माणूस आला. तो सफाळ्याकडचा तरुण, दर पंधरा दिवसांनी घरोघर फिरायचा. घरात माणसं किती, ताप कुणाला आला का, गावाबाहेर कुणी गेलं होतं का, एवढं विचारायचा. ताप असला किंवा कुणी तापाच्या मुलखातून आलेलं असलं तर बोटातून रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा, चार गोळ्या द्यायचा आणि दाराजवळच्या भिंतीवर तारीख टाकायचा. आमच्या किनाऱ्यावरून हिवताप जवळजवळ गेला होता, तरी तो फिरायचा. त्याला शाळेत बोलावून मीच मुलांपुढे भाषण करायला लावलं होतं.

बायकोनं आतून मला हाक मारली. हळू म्हणाली, "अहो, गोळ्या नकोत. आत काही असलं तर?"

मी बाहेर आलो. तो हसून म्हणाला, "गुरुजी, तुमच्याकडे विचारायचं म्हणजे नुसती रीत. सगळ्या गावाला तुम्हीच शिकवता." मग त्यानं विचारलंच. ताप नाही, म्हणालो. गावाबाहेर? त्र्यंबकेश्वर, म्हणालो. त्यानं तारीख टाकली आणि गेला.

तिच्या शब्दाखातर मी खोटं बोललो असं पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं तसं नाही. सभेत उभा केलेला तो बाप शेजारच्या आळीत राहायचा. मला त्याची भीती वाटत होती.

दोन दिवसांनी दांडी गावची मासेवाली पाटी घेऊन दारात आली. बायकोकडे तिनं नीट पाहिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "मास्तर, बायचे डोले पिवले दिसतात. तुमी साळा शिकवता, तुमाला दिसत नाय?"

मग मी बायकोला बोईसरच्या डॉक्टरकडे नेलं. त्या दिवसांत विषमज्वराचे रोगी पुष्कळ होते. डॉक्टरांनी पोट तपासलं, जीभ पाहिली आणि तोच प्रश्न केला, बाहेरगावी कुठं गेला होता का. मी तेच उत्तर दिलं. रानात, डोंगरात कुठं मुक्काम? नाही, म्हणालो. बायकोनं मान खाली घातली. डॉक्टरांनी विषमज्वराचं औषध लिहून दिलं. माझ्या उत्तरावर तेच बसत होतं.

चौथ्या दिवशी तिला काळपट लघवी झाली आणि ती मला ओळखेना. भाड्याच्या टेम्पोत घालून पालघरच्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारायच्या आतच मी सगळं सांगून टाकलं: जव्हार, भगत, ओढा, पाच दिवस. त्यांनी लगेच रक्त घेतलं, सुई लावली. हिवताप होता, मेंदूत चढलेला. आठवडाभर आधी आला असतात तर, एवढं म्हणून ते थांबले. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. पोटात काही होतं का, मी विचारलं. नव्हतं, असं त्यांनी सांगितलं.

एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. आम्ही पाड्यावरून निघालो तेव्हा तो भगत बांधापर्यंत पोचवायला आला होता. माझा दंड धरून म्हणाला, "मास्तर, इकडं रानताप हाय. घरी गेल्यावर बायला थंडी भरली तं लपवू नको. डाक्तरला सांग, डोंगरात आलो व्हतो." ज्याला मी अज्ञान म्हणत होतो, त्यानं मला सगळं शिकवून पाठवलं होतं. मी मान हलवली होती.

मागच्या फेरीनंतर पंधरवड्यानं हिवतापाचा माणूस पुन्हा आला. गावात त्याच्या कानावर आलं असावं. तो हसला नाही. पण काम काम असतं. वही उघडून त्यानं खालच्या आवाजात विचारलं, घरात माणसं किती.

"एक," मी म्हणालो.

त्यानं पुढचे प्रश्न विचारले नाहीत. मीच म्हणालो, "विचार." त्यानं विचारलं, आणि मी उंबऱ्यात उभा राहून एकेक खरं उत्तर दिलं. त्यानं माझ्या बोटातून रक्त घेतलं, चार गोळ्या माझ्या हातावर ठेवल्या आणि भिंतीवरच्या मागच्या तारखेखाली नवी तारीख टाकली.