थोरल्या जाऊबाईंचा बाहेरचा एसएसडी

छापखान्यात पुस्तकांची पानं जुळवायला दोघी जावा शेजारी बसत. थोरली वीस वर्षं या कामात मुरलेली, धाकटी चार वर्षांपूर्वी आलेली. दोघींचे कॉम्प्युटर एकाच दिवशी घेतलेले.

एका सोमवारी धाकटीचा कॉम्प्युटर बटण दाबताच उघडला. थोरलीचा घरघरतच राहिला. तेव्हापासून थोरलीच्या पोटात दुखायला लागलं.

"भावजींनी बायकोला गुपचूप नवा आणला, आणि आम्ही मेलं जुन्यावर!" ती नवऱ्याला म्हणाली.

"अगं, तिच्या कॉम्प्युटरचा डबा तोच आहे."

तिला पटलं नाही. धाकटीची पानं आता दुपारीच छपाईला जायची. ते बघून थोरलीला घास गोड लागेना.

एसएसडी नावाच्या नव्या डिस्कने कॉम्प्युटर पळतो असं ऐकून चौथ्या दिवशी तिने दुकानातला सर्वांत मोठा, बाहेरून जोडायचा एसएसडी आणला. सगळ्यांना दिसेल असा टेबलावर ठेवला, पुस्तकांच्या फायली त्यावर टाकल्या. सकाळी बटण दाबलं. घरघर तीच. तिने वायर दोनदा काढून लावली, धाकटीकडे न बघितल्यासारखं बघत.

"ताई, बोलू का?" धाकटी म्हणाली. "चालू होताना तुमचा कॉम्प्युटर आतल्या जुन्या डिस्कवरूनच सगळं वाचतोय. शिवाय वायर लावलीय ती जागाही जुनी, तिथून वेग मिळत नाही. हा फायलींची नक्कल ठेवायला, ने-आण करायला छान. पण वेग हवा तर आतली डिस्क बदलून तिथे एसएसडी बसवायला हवा. मी तसंच केलं."

"कुणाकडून करून घेतलंस?"

"मीच केलं. चार स्क्रू तर आहेत."

हे जास्त झोंबलं. नवऱ्याने लाड केले असते, तर निदान नावं ठेवता आली असती.

दोन दिवस ती तशीच जुन्यावर रेटत राहिली. तिसऱ्या दिवशी सहाशे पानांचं पुस्तक आलं आणि तिचा कॉम्प्युटर अर्ध्यातच अडकून बसला. मान वर न करता ती म्हणाली, "उघड माझाही. पण स्क्रू मी काढणार."

नवा एसएसडी आत बसला. जुन्या डिस्कवरचं सगळं त्यावर उतरवून झाल्यावर कॉम्प्युटर चुटकीसरशी उघडला. बाहेरचा तिने पुस्तकांच्या नकला ठेवून कपाटात कुलूपबंद केला.

महिनाभराने कारकुनाचा कॉम्प्युटर रखडायला लागला. धाकटी उठायच्या आत थोरली त्याच्या टेबलापाशी पोचली होती.

"तू बस गं," ती म्हणाली, "तुझी पानं राहिलीत."