कमरेच्या गाठीखालची जखम

पहाटे साडेपाचला सिताबाई चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. माकणीत १९६२च्या माघाची थंडी होती. धाकटी जाऊ अयोध्या पाण्याची घागर घेऊन आत आली, तशी सिताबाईची नजर आधी तिच्या हातावर गेली. दिवाळीच्या तळणाचं तेल सांडून तो हात कोपरापर्यंत सोलला होता. आता तिथं नवी, गुळगुळीत कातडी होती. सिताबाईला ते बघवत नव्हतं.

तिच्या स्वतःच्या कमरेवर, लुगड्याची गाठ बसते तिथं, दोन वर्षं एक जखम होती. आधी मसुरीएवढी, आता रुपयाएवढी, कडा उचललेल्या. हळद झाली, एरंडेल झालं, मिटेना. तिनं ती लपवली. अंथरूण धरलं की चूल अयोध्येच्या ताब्यात जाणार, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

त्याच दिवशी न्हाणीत अयोध्येला जखम दिसली. तिनं सिताबाईच्या नवऱ्याला, धुळाप्पाला, सांगितलं. मला घालवायची घाई झालीय हिला, असं सिताबाई गाडीत बसेपर्यंत म्हणत राहिली. धुळाप्पानं दोघींना लोहाऱ्याच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी जखम बघितली आणि अयोध्येला हात पुढं करायला लावला. कातडीच्या तळाशी नव्या पेशी तयार होतात, वर सरकतात, जुन्या झडून जातात, असं त्यांनी सांगितलं. जखम झाली की कडेच्या पेशी भराभर वाढतात. दोन्ही कडा भेटल्या की थांबतात. सिताबाईच्या जखमेतल्या पेशी थांबायचं विसरल्या होत्या. हा कातडीचा कॅन्सर होता. अजून वरवर होता, सोलापूरला कापून काढता येणार होता. जांघेत गाठी आल्या असत्या तर ते अवघड झालं असतं.

"हिची कातडी थांबती, मग माझी का न्हाय?" सिताबाईनं विचारलं.

"ती एकदाच भाजली. तुम्ही तीस वर्षं एकाच जागी गाठ आवळताय. रोज घासायचं, रोज कातडीनं सांधायचं. कधीतरी चुकतं."

सिताबाईनं त्या हाताकडं बघितलं. मग अयोध्येला म्हणाली, "चूल संभाळ. पण मिठाची बरणी जागची हलवू नको."

"हलवीन, अक्का. माझा हात पुरत न्हाय तिथवर. तुमी आल्यावर परत हलवा."

"गाठ तरी सैल बांध, भवाने."

सोलापूरची गाडी उद्या सकाळी सातला लोहाऱ्याहून सुटते. वाटेतली भाकरी अयोध्या थापणार आहे.