भिंतीवरची मुंगी

दवाखान्यात महिनाभर पडून राहिलं की अंगातलं रक्त आटतं आणि किस्से मात्र वाढत जातात. माझ्याकडे तर पोतंभर आहेत. सांगायला बसले की घरचे एकेक करून उठून जातात, म्हणून आज तुम्हाला धरलंय. मुकाट्याने ऐका.

चंद्रपूरला तेव्हा चांदाच म्हणत. तिथल्या दवाखान्यात एका खोलीत आम्ही तिघी. तिघींच्याही छातीत गाठ निघालेली आणि गाठीसकट ती बाजूच काढून टाकलेली. कॅन्सर हा शब्द फक्त डॉक्टर वापरत, आम्ही नुसतं 'ते' म्हणायचो. सोनाबाई ढिवरीण, तळ्यावर मासे धरणारी, तिची डावी बाजू. जंगूबाई जंगलातल्या गावची गोंड म्हातारी, तिची उजवी. मी शाळेची मास्तरीण, माझीही उजवीच, म्हणजे खडू धरायची! नवरा गेल्यावर शिकून मिळवलेली नोकरी, आणि आता हात खांद्याच्या वर जाईना. फळ्यापर्यंत हात पोचत नाही ती मास्तरीण कसली? पहिले चार दिवस मी नुसती रडत होते.

*

पाचव्या दिवशी जंगूबाईला वेणी घालून हवी होती. सोनाबाईचा उजवा हात चालू, माझा डावा. दोघी तिच्या दोन बाजूंना बसलो आणि एकेका हाताने लागलो कामाला. मी पेड इकडे ओढला की सोनाबाई तिकडे ओढायची. अर्ध्या तासाने वेणी झाली खरी, पण ती थेट कानावर उगवली होती. म्हातारीने चाचपून पाहिलं.

"लग्नातई दोन बाया माह्या डोक्याले लागल्या नव्हत्या," ती म्हणाली. "आता कोण्या नवरदेवाले दाखवून राह्यल्या मले?"

दवाखान्यात आल्यापासून मी पहिल्यांदा हसले. टाके असे दुखले म्हणून सांगू!

*

डॉक्टरांनी व्यायाम दिला. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि दुखऱ्या हाताची बोटं मुंगीसारखी भिंतीवरून वर चालवत न्यायची. थांबेल तिथे कोळशाची खूण. पंधरा दिवसांत त्या दोघींच्या मुंग्या डोक्यावर गेल्या. माझी हनुवटीपाशी अडून बसली. मग मी चिडून हात एकदम उचलायला जायची आणि कळ मस्तकात शिरायची.

"मास्तरीणबाई, मुंगी उडत नाई," जंगूबाई खाटेवरून सांगायची. "चालत चालतच झाडावर जाते."

राग यायचा, पण म्हातारीचं खरं होतं. उचलून वर न येणारा हात, बोटं चालवली की तीळतीळ वर सरकायचा. त्या दोघी मागे लागल्या नसत्या ना, तर फळा सोडाच, मी भिंतीपर्यंतही गेले नसते.

*

एकदा आमचे हेडमास्तर भेटायला आले. सज्जन माणूस, पण आमचं दुखणं कुठलं हे ठाऊक असल्यामुळे नजर कुठे ठेवावी ते त्यांना कळेना. सगळा वेळ छताकडे बघून बोलले. दिवाळीनंतर इन्स्पेक्टर येणार, फळ्यावर लिहिता आलं नाही तर माझ्या जागी दुसरं कोणी नेमतील, हेही छतालाच सांगितलं.

जंगूबाईने सिस्टरला हाक मारली. म्हणाली, "या भाऊची मान अडकली हाय. याले बी भिंतीपाशी उभं करा."

*

दवाखान्यातून सुट्टी झाल्यावर पोलक्याची एक बाजू रिकामी दिसू नये म्हणून आत कापसाची पिशवी ठेवायची. कापूस हलका, सरकून गळ्याशी येई. सोनाबाईने अक्कल चालवली आणि पिशवीत मूग भरले. वजन अगदी बरोब्बर. आणि ही बया तीच पिशवी लावून छातीइतक्या पाण्यात मासे धरायला उतरली! दुसरी पिशवी नव्हती, म्हणून तीच ओली घालून दोन दिवसांनी तपासणीला आली. मीही तिथेच होते. डॉक्टरांनी पिशवी सोडली तर हे एवढाले मोड.

"पाहा डाक्टरसायब," सोनाबाई म्हणाली, "तुमी कापली, पण तिनं मूळ धरलं."

डॉक्टर खिडकीकडे तोंड करून बराच वेळ उभे होते. खांदे मात्र हलत होते.

*

शाळेत परतल्यावर मी मुंगीच चालवली. खडू अंगठ्यात दाबायचा, फळ्याच्या तळाशी बोटं टेकवायची, हळूहळू वर न्यायची, मग लिहायचं. इन्स्पेक्टरांना काय सांगायचं, ही धास्ती रोज होती.

ते आले. मला काही लिहायलाच लावलं नाही, पहिल्या बाकावरच्या मुलीला उठवून नाव लिहायला सांगितलं. तिने तळाशी बोटं टेकवली, मुंगी वर नेली आणि नाव लिहिलं. दुसरीने तसंच केलं. तिसरीनेही. पोरींना वाटलं होतं, फळ्यावर लिहायची रीतच ही! मी जमिनीकडे बघत उभी. मनात म्हटलं, संपली नोकरी. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि निघून गेले. नोकरी राहिली. का राहिली ते कोणी सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी वरोऱ्याला शिक्षकांचं शिबिर होतं. कोरपन्याकडचे एक मिशाळ मास्तर नमुना पाठ घ्यायला उठले. फळ्यापाशी गेले, तळाशी बोटं टेकवली आणि सावकाश, एक एक करत, वर चालवत नेली.

जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना गाठलं. विचारलं, "भाऊ, ते बोटांचं असं काऊन करता?"

"नवीन पद्धत हाय बाई, वरून आली," ते म्हणाले. "तुमच्या शाळेत अजून पोचली नाई वाटते?"