कोहळ्याची साक्ष

पोलिसात उभी हयात गेली. कितीतरी चोऱ्यामाऱ्या डोक्यातून पुसल्या गेल्या, पण म्हैसुरात आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, यंत्रांपुढे फोडायचे कोहळे रस्त्याकडेला रचलेले दिसले की ती इंजिनाची केस मला हटकून आठवते. नावं कुणाचीच घेणार नाही. ती माणसं आजही त्याच गल्लीत नांदताहेत.

तेव्हा मी लष्कर मोहल्ल्याजवळच्या ठाण्यात इन्स्पेक्टर होतो. दसऱ्याच्या बंदोबस्ताची धांदल चालू असताना एक निवृत्त हेडमास्तर फिर्याद घेऊन आले. त्यांच्या वडिलांची एक जुनी विलायती मोटार होती. वर्षानुवर्षं शेडमध्ये पडून होती. पेन्शनीत आल्यावर मास्तरांनी तिला पुन्हा रस्त्यावर आणायचा ध्यास घेतला. रंगरंगोटी कोणीही करील हो, खरी कसोटी आतल्या यंत्राची. त्या गाडीचे भाग कुठल्या दुकानात मिळणार? पिस्टन नवे घडवून घेतले, बेअरिंगं ओतून घेतली, कार्बुरेटर तर दोन-तीन मोडक्यांतून एक जमवला. हे सगळं मोहल्ल्यातल्या एका मिस्त्रीनं आपल्या दुकानात केलं. इंजिन जुळून तयार झालं, गाडीत बसवायचं तेवढं राहिलं आणि एका सकाळी शटर उघडलं तर स्टँड रिकामा!

कुलूप शाबूत होतं आणि किल्ली एकट्या मिस्त्रीकडे. मास्तरांनी अडखळत अडखळत त्याच्यावरच संशय लिहून दिला. मी जीप घेऊन गेलो आणि भर दुपारी, सगळ्या गल्लीदेखत मिस्त्रीला चौकशीसाठी ठाण्यात आणलं.

हा मिस्त्री आमच्यासारखाच, जुन्या म्हैसूर फौजेबरोबर इकडे आलेल्या मराठी घरातला. घरात मराठी, बाहेर कन्नड, आणि संतापला की दोन्ही एकदम. स्वभाव म्हणाल तर फटाक्याची माळ.

"अय्यो साहेब, डोकं आहे का जाग्यावर?" त्यानं मलाच सुनावलं. "चोरायचं असतं तर मी ते जुळवलं कशाला? सुटं सुटं विकलं नसतं? ते जाऊ दे. सिलिंडरात तेल सोडलं का कुणी? हवा दमट आहे ओ. एकदा गंज चढला की सगळी मेहनत मातीत!"

संध्याकाळी त्याला घरी सोडलं, पण पुन्हा पुन्हा बोलावत राहिलो. प्रत्येक चौकशीत त्याचं हेच पालुपद. मी विचारायचो कुलपाचं, तो बोलायचा गंजाचं. इकडे गल्लीनं मात्र निकाल देऊन टाकला होता. गिऱ्हाइकं येऊन आपापल्या गाड्या घेऊन गेली. कोणी दुरुस्त झालेली नेली, कोणी अर्धवट उघडलेली ढकलत नेली. मिस्त्रीच्या बायकोनं देवळात जाणं सोडलं. बापापासून चालत आलेलं दुकान हां हां म्हणता ओस पडलं. वरून साहेबांचा फोन आला, "दसरा झाला की त्या मिस्त्रीला अटक दाखवा आणि विषय संपवा." म्हणजे माझ्या हातात वेळ तेवढाच. त्यानंतर तो माणूस गल्लीत कायमचा चोर ठरणार होता.

इंजिनाला आणखी एका माणसाचा हात लागला होता. सिलिंडर बोअर करणारा आणि क्रँक लेथवर चढवणारा शेजारचा टर्नर. त्यालाही बोलावलं. हा अगदी गोड माणूस. कन्नडमध्ये सर-सर करत, चहा पीत, विचारलेल्या प्रश्नाचं नेमकं उत्तर द्यायचा. माझा एक अनुभव सांगतो. निर्दोष माणूस ठाण्यात चिडतो, भलतंच बोलतो, उलट प्रश्न विचारतो. उत्तरं घोटून आलेला तेवढा शिस्तीत बोलतो.

मी मुद्दाम खडा टाकला. "इतके दिवस दमट हवेत पडलंय. गंजून भंगार झालं असेल ते."

"छे सर, काही होणार नाही त्याला," तो पटकन म्हणाला आणि एकदम चहाच्या कपात बघायला लागला.

मिस्त्रीचा जीव ज्या गंजानं टांगणीला लागला होता, त्याची ह्या पठ्ठ्याला फिकीरच नव्हती! संशय पक्का झाला, पण संशयाला कोर्ट विचारत नाही. घराची झडती घेतली, हाती काही लागलं नाही. मोबाइल त्या रात्री घरीच होता. माग तिथं खुंटला.

मग आयुधपूजा आली. त्या दिवशी आमच्या ठाण्यात रायफली, लाठ्या, जीप सगळ्यांची पूजा असते. पूजा आटोपली तरी आमचा हवालदार हळदकुंकवाचं ताट घेऊन मागच्या आवारात निघाला. तिथं एक जप्त केलेली, चाकं नसलेली व्हॅन गवतात पडली होती. तिच्या कपाळाला त्यानं विभूती लावली, फूल वाहिलं.

मागच्या दारात खुर्ची टाकून बसलेला मी हसलो. "अरे, तिला कशाला? ती कुठं चालणार आहे?"

"नाही चालली तरी गाडीच ना सर. आजच्या दिवशी यंत्राला उपाशी ठेवू नये. राग धरतं."

मी ताडकन खुर्चीवरून उठलो. आपल्या म्हैसुरात सुताराची करवत, शिवणाऱ्याची कात्री, कंडक्टरची शिट्टीसुद्धा आज पूजेला बसते. ज्या टर्नरनं त्या इंजिनाचे सिलिंडर स्वतःच्या हातानं घासले, तो त्याला आज तसंच ठेवील? शक्यच नाही!

दुसऱ्या दिवशी मिरवणूक असल्यानं माणसं सगळी बंदोबस्ताच्या तयारीत. तरी लगेच साध्या कपड्यातला एक शिपाई टर्नरच्या दुकानासमोर उभा केला. दुपारी त्याचा फोन आला. "सर, लेथची पूजा झाली, कोहळा फोडला. मलासुद्धा चुरमुरे-डाळं दिले. पण पिशवीत अजून एक कोहळा आहे, आणि तो घेऊन टर्नर बन्नूर गावाच्या बसमध्ये चढलाय."

हवालदाराला घेऊन मी माझ्या खाजगी गाडीनं बसमागे निघालो. बन्नूरच्या अलीकडे तो उतरला आणि उसाच्या फडातून एका गुऱ्हाळात शिरला. हंगाम सुरू व्हायचा होता, गुऱ्हाळ बंदच होतं. आम्ही कुडाच्या भिंतीआडून पाहत होतो. त्यानं उसाच्या वाळक्या चिपाडांचा ढीग बाजूला केला, ताडपत्री ओढली. आत लाकडी ठोकळ्यांवर मास्तरांचं इंजिन! आधी त्यानं प्लगच्या भोकांतून तेल सोडलं, फडक्यानं पुसलं. मग विभूतीची तीन बोटं, कुंकू, झेंडूची माळ.

मी पुढे सरकणार तोच हवालदारानं बाही धरली. "पूजा मोडू नका सर. झाल्यावर धरू की."

थांबलो. कापूर पेटला, घंटी वाजली, कोहळा फुटला. मग मी आत गेलो. "पूजा छान झाली. प्रसाद द्या, आणि चला."

त्यानं हात जोडले. "तप्पायितु, सार्. चुकलं." आणि सवयीनं माझ्या हातावर चुरमुरे ठेवले. खोटं कशाला सांगू, मी खाल्ले.

पुढचं सगळं त्यानं घडाघडा सांगितलं. मिस्त्रीचं अडकलेलं कुलूप त्यानंच कधी दुरुस्त करून दिलं होतं, तेव्हाच दुसरी किल्ली घासून ठेवली. गुऱ्हाळ आणि टेम्पो मेहुण्याचे. परराज्यातला एक शौकीन दसऱ्यानंतर माल न्यायला येणार होता.

"मग मूर्खा, आज इथं तडफडलास कशाला?"

"माझ्या हातचं काम, सर. वर्षाचा दिवस. तसंच कसं ठेवू?"

पंचनामा केला, इंजिनाचा नंबर गाडीच्या कागदांशी जुळला. मी लगेच मिस्त्रीला फोन लावला. म्हटलं, "इंजिन सापडलं, चोर सापडला. तुमच्यावरचा संशय गेला. आता निवांत राहा."

"आयतु, बरं झालं," तो म्हणाला, आणि मग उसळलाच. "पण असं फोनवर सोडता होय मला? नेलं ते जीपमधून, गल्लीदेखत. ज्या वाटेनं नेलं, त्याच वाटेनं आणून सोडा!"

बरोबर बोलला बेटा! कोर्टाच्या हुकुमानं इंजिन मास्तरांच्या ताब्यात द्यायचा दिवस आला, तेव्हा मी कडक इस्त्रीचा युनिफॉर्म चढवला आणि जीप धुऊन घेतली. मिस्त्रीला पुढच्या सीटवर बसवलं, मी मागं बसलो. आमच्या मागून टेम्पोत इंजिन, गळ्यात झेंडूची नवी माळ. भर दुपारी मोहल्ल्यात शिरलो. दुकानांतून माणसं बाहेर आली. अर्धवट गाड्या ढकलत नेणारेही होते त्यात. मिस्त्री ताठ मानेनं समोर बघत बसला होता. माझी छाती अशी फुगली होती, जसं काही मीच ते इंजिन जुळवलं!

शटरपाशी मास्तर हात जोडून उभे. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मिस्त्री, मी तुमच्यावर खोटा आळ घेतला. माफ करा."

"माफी मागाहून," मिस्त्री खाली उतरत गुरगुरला. "आधी साखळी धरा, इंजिन उतरवायचंय."

गाडी सुरू झाली त्या दिवशीही मी होतो. मिस्त्रीनं हँडल मारलं, इंजिन खोकलं, फुरफुरलं आणि धडधडायला लागलं. गल्लीनं शिट्ट्या वाजवल्या. मास्तरांनी ढसाढसा रडून घेतलं, आणि मिस्त्री तेव्हाही ओरडतच होता, "चोक सोडा आधी, चोक!"

माणूस ठाण्यात कसा न्यायचा हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवतात. परत कसा सोडायचा हे मला ह्या फटाक्याच्या माळेनं शिकवलं. त्यानंतर ज्या ज्या ठाण्यात गेलो तिथं, चौकशीत निर्दोष ठरलेल्या माणसाला मी युनिफॉर्ममध्ये, दिवसाढवळ्या, जीपच्या पुढच्या सीटवर बसवून त्याच्या दारात सोडत आलो. वरिष्ठ विचारायचे, "केस तर मिटली, मग जीप कुठं गेली होती?" मी सांगायचो, "अर्धीच मिटली होती, सर. उरलेली आत्ता मिटवून आलो."