खालच्या गटात

वरच्या फळीवरचा डबा काढायचा झाला तर आमच्या घरात मी आणि नवरा दोघंही स्टुलावर चढतो. उंचीचं दुःख आम्ही कधी केलं नाही. सुरतेत लिंबायतच्या दोन खोल्यांत उंच माणसाला नाहीतरी डोकं आपटूनच जगावं लागतं. नवरा कापडाच्या लूमवर काम करतो. ठेंगणा, रुंद खांद्यांचा, घट्ट बांध्याचा. मुलगा हुबेहूब त्याच्यावर गेला. मला त्याचं कौतुकच होतं, तो बॉक्सिंगला जायला लागेपर्यंत.

बॉक्सिंगमध्ये वजनाप्रमाणे गट असतात म्हणे. मला वाटलं, वा, न्यायाचं काम आहे. पहिली स्पर्धा पाहायला गेले आणि कपाळावर हात मारून घेतला. वजन सारखं, पण समोरचा पोरगा माझ्या मुलापेक्षा चांगला वीतभर उंच! त्याचं वजन लांबीत गेलेलं, आमचं रुंदीत. तो लांबूनच हात टाकायचा. माझा पोरगा वाकून आत घुसायला बघायचा आणि पोचेपर्यंत तोंडावर दोन-चार खायचा. पोचला की मात्र समोरच्याची धडगत नसे. पण पोचायला तर हवं.

त्याचे सर म्हणाले, "मौसी, पंच भारी है इसका, पण हाथ छोटा पडता है. एक गट नीचे उतारते हैं, उधर इसकी हाइट के लडके मिलेंगे."

राज्याच्या संघाची निवड श्रावणात होती. पुढच्या वर्षी तो मोठ्यांमध्ये जाणार, म्हणजे ज्युनिअर संघात जायची ही शेवटची संधी. मुलाने भात सोडला, मग रात्रीची भाकरी, शेवटी शेवटी पाणीही घोटाघोटाने. भर उन्हात प्लास्टिकचा कोट घालून भेस्तानपर्यंत पळत जायचा. अंगावर चरबी असती तर गोष्ट वेगळी. इथे सगळी हाडं आणि मांस, त्यातून काढणार काय? मी तोंड उघडलं की म्हणायचा, "मम्मी, तू बीच में मत पड." मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायची. त्यापलीकडे माझ्या हातात काय होतं?

त्यातच कानबाई देवीचा सण आला. आमच्या खानदेशी घरांत तिच्या रोटासाठी प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात. त्या पिठाच्या पुरणपोळ्या म्हणजे रोट, तो घरच्यांनीच संपवायचा. बाहेर द्यायचा नाही, टाकायचा तर नाहीच. मुलाच्या नावाची मूठ मी मुद्दाम जरा मोठीच घेतली. निवडीचं वजन दुसऱ्याच दिवशी सकाळी होतं. त्याने पुरणपोळीचा तुकडा कपाळाला लावला, नखाएवढा तोंडात टाकला आणि ताट सरकवलं. मी ओरडले, देवीची शपथ घातली, रडूनही पाहिलं. तो भिंतीकडे बघत बसला. मग नवऱ्याने ते ताट ओढून घेतलं आणि मुलाच्या वाटणीचं मान खाली घालून खाल्लं. घास त्याच्याही घशाखाली उतरत नव्हता, हे मला दिसत होतं. तरी मला त्याचा भयंकर संताप आला.

सकाळी वजन गटात बसलं. आम्हाला हायसं वाटलं. दुपारी तो रिंगमध्ये चढला आणि समोरून आला तो पुन्हा उंचच.

माझ्या शेजारी एक बाई हात जोडून बसली होती. बारडोलीहून आलेली, त्या उंच पोराची आई. तिने गुजरातीत सांगितलं, तिचा मुलगा मूळचा वरच्या गटातला. खाली उतरला तर सगळ्यांत उंच ठरेल, म्हणून महिनाभर त्याची रोटली बंद केली होती. तिचेही डोळे खोल गेले होते. आम्ही एक पायरी उतरलो होतो आणि वरचे आमच्या मागोमाग उतरले होते. ही साधी गोष्ट आमच्या कुणाच्या डोक्यात आली नव्हती.

या वेळी माझा मुलगा आत पोचला, दोनदा पोचला. पण हातात जोरच नव्हता. दोन उपाशी पोरं एकमेकांना धरून धापा टाकत उभी राहायची आणि रेफरी त्यांना सोडवायचे. निकाल लागला तेव्हा हात त्या दुसऱ्याचा वर गेला.

परतताना रिक्षात मुलाने हातावरच्या पट्ट्या सोडल्या. मग एकाएकी, कित्येक वर्षांत माझ्याशी बोलला नव्हता त्या अहिराणीत म्हणाला, "माय, तुना माहेरले कोनी उच्चं शे का वं?"

मी बापाला आठवलं, काकांना, भावांना, आतेभावांना. एकेकाला मनातच भिंतीशी उभं करून पाहिलं. मग सरळ खोटंच हो म्हणायला तोंड उघडलं. पण उन्हाळ्यातच भाच्याच्या लग्नात तो त्या सगळ्यांच्या गळ्यात पडून आला होता. कुणासाठीही त्याला मान वर करावी लागली नव्हती. मी त्याचा सुजलेला हात मांडीवर घेतला. तो अजून माझ्या तोंडाकडे बघत होता.