नकाशात नसलेलं टेबल

कंपनीत तिला सगळे बर्फ म्हणायचे. गीझर बनवणाऱ्या कंपनीच्या तक्रार विभागात ती अकरा वर्षं फोन घेत होती आणि या अकरा वर्षांत तिचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. समोरचा माणूस आईबापापर्यंत पोचला तरी ही आपली म्हणणार, "मी तुमची अडचण समजू शकते." नव्या मुलींना शिकवताना तिचे जुने कॉल ऐकवायचे. बाईचा स्वभावच थंड आहे, असं सगळ्यांनी धरून टाकलं होतं. स्वभाव कसला डोंबलाचा? रोज साठ-सत्तर माणसांचा राग कानातून आत घ्यायचा आणि तोंडातून साखर बाहेर काढायची, याला स्वभाव म्हणत नाहीत, हमाली म्हणतात. हमालाला निदान संध्याकाळी ओझं उतरवून ठेवता येतं.

तिच्या नवऱ्याला मात्र या बर्फाचं भारी कौतुक. "हिला राग येतच नाही," असं तो घरी आलेल्या प्रत्येकाला सांगायचा, जणू काही ते त्याचंच कर्तृत्व. संध्याकाळी हेडफोन काढला की तिचा जबडा दुखत असायचा, बोलायची शुद्ध राहिलेली नसायची. तो काहीही विचारी, ती "चालेल" म्हणे. त्या "चालेल"वर त्याचा संसार सुखात चालला होता.

तीन वर्षांपूर्वी कंपनीनं ऑफिसच बंद केलं आणि सगळ्यांना घरून फोन घ्यायला सांगितलं. घरात तेव्हा बाहेरची खोली, मधली खोली आणि तिच्यापलीकडे स्वयंपाकघर अशी रीतसर मांडणी होती. तिनं मधल्या खोलीत टेबल टाकलं, दार लावून घेतलं आणि कामाला लागली. ते आठ महिने तिच्या नोकरीतले सगळ्यात चांगले. मग नवरा एका मित्राच्या नव्या घरी जेवायला जाऊन आला. त्या मित्राकडे म्हणे एकही भिंत मध्ये येत नव्हती. सोफ्यावर बसलं की थेट चुलीपर्यंत दिसायचं. नवरा बांधकाम कंपनीत नकाशे काढायचा, त्यामुळे हा आजार त्याला पटकन लागला. घरानं श्वास घेतला पाहिजे, असं तो महिनाभर म्हणत राहिला आणि एके दिवशी गवंड्याला घेऊन आला.

"मला दार लागेल हो कामाला," ती तेव्हा म्हणाली होती.

"दार कशाला? घरात कोण परकं आहे?"

चार दिवसांत दोन्ही भिंती गेल्या. घराला श्वास मिळाला आणि हिचा कोंडला. टेबल सोफ्याच्या मागे, डाव्या कोपऱ्यातल्या खांबाला टेकवून ठेवावं लागलं. झोपायच्या खोलीत पलंग आणि कपाट यांच्यामधून माणूस आडवा होऊन जातो, तिथे टेबल कुठलं मावणार. भिंत परत घालू या, असं तिनं त्यानंतर किमान दहा वेळा तरी सांगितलं. दर वेळी त्यानं तिला समजावलं की एकदा मोकळं केलेलं घर पुन्हा कोंडायचं म्हणजे शुद्ध वेडेपणा.

कंपनीचा नियम साधा होता. कॉलमध्ये मागचा आवाज ऐकू आला आणि ग्राहकानं त्यावर तक्रार केली की एक नोंद. वर्षात तीन नोंदी झाल्या की काम बंद, मग अकरा वर्षं असोत की एकवीस. यंदाची पहिली नोंद झाली ती सामन्याच्या समालोचनाची. एक बाई गॅसचा वास येतोय म्हणून रडत होत्या आणि मागे कुणीतरी षटकार मारला. तिनं ते पत्र नवऱ्याला दाखवलं. त्यानं ते नीट, वरपासून खालपर्यंत वाचलं आणि म्हणाला, "अगदी हळू लावला होता गं मी." तिनं पत्र घडी करून ठेवून दिलं.

आणि या माणसाला आता चहूबाजूंनी आवाज हवा होता. पाच स्पीकर आणि एक वूफर. त्यानं ऑफिसातून आल्यावर रोज दिवा लावून, अकरा संध्याकाळी बसून बैठकीचा नकाशा काढला. ठरल्या दिवशी सकाळी तिला सांगितलं, "स्पीकरवाला अकराला येतोय. मी अर्धी रजा टाकलीय. तू काय, घरीच असतेस."

घरीच असतेस. हे दोन शब्द ऐकून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण नऊला शिफ्ट सुरू व्हायची होती. तिनं हेडफोन चढवला.

स्पीकरवाला साठीचा, काटकुळा, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला माणूस. नवऱ्यानं मोठ्या उत्साहानं जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला, चारी कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या. स्पीकरवाल्यानं त्यावर एक नजर टाकली न टाकली आणि फीत काढून माप घ्यायला लागला. सोफ्याच्या मधल्या जागेवर नवऱ्याला बसवलं, जमिनीपासून त्याच्या कानापर्यंतची उंची घेतली, जमिनीवर चिकटपट्टीची फुली मारली. या फुलीपासून सगळे स्पीकर सारख्या अंतरावर यायला हवेत, मागचे दोन कानाच्या थोडे मागे, असं तो सांगत होता. फीत ताणत ताणत तो मागे आला आणि फितीचं टोक टेबलापाशी बसलेल्या तिच्या पाठीला लागलं.

"साहेब, मागचा डावा इथे दाखवलाय तुम्ही. इथे तर ताई बसल्यात."

"ते टेबल सरकेल हो," नवरा सोफ्यावरूनच म्हणाला. "ते कुठेही जातं."

तिच्या एका कानात हे पडलं. दुसऱ्या कानात एक म्हातारे गृहस्थ होते. नऊ दिवस झाले, गीझर बंद, दोनदा माणूस येतो म्हणाले आणि आला नाही. गुडघे धरलेत, बायको आजारी आहे, गार पाण्यानं अंग पुसतोय तिचं. ते ओरडत होते आणि त्यांचं सगळं बरोबर होतं. ती त्यांना कारागिराची वेळ देणार, एवढ्यात स्पीकरवाल्यानं टाळी वाजवली.

त्या धंद्यात तशी रीत असते. खोलीत घुमतं किती, हे बघायला चालत चालत टाळ्या वाजवतात आणि कान देतात. त्यानं भिंतीपाशी वाजवली, खिडकीपाशी वाजवली, मग तिच्या मागे येऊन लागोपाठ तीन कडकडीत टाळ्या दिल्या.

मग म्हातारे म्हणाले, "टाळ्या वाजवताय? मी इथे बायकोचं दुखणं सांगतोय आणि तुमच्याकडे टाळ्या वाजतायत?"

"नाही हो आजोबा, माझ्या घरी जरा काम..."

"तुमचं नाव द्या. मला तुमचीच तक्रार करायचीय."

आता या कामातली सगळ्यात नालायक गोष्ट सांगतो. ग्राहकाला फोन घेणाऱ्याचीच तक्रार करायची असेल, तर ती फोन घेणाऱ्यानंच लिहून घ्यायची. कॉल दुसरीकडे द्यायला बंदी. तिनं आपल्या हातानं आपलं नाव टाकलं. तक्रारीचं कारण: मागून टाळ्यांचा आवाज. मग त्याच मऊ आवाजात त्यांना नंबर वाचून दाखवला, तो पुन्हा सांगायला लावला म्हणून पुन्हा सांगितला, कारागीर आज चारला नक्की येईल म्हणाली आणि शेवटी, नियमाप्रमाणे, विचारलं, "मी तुम्हाला आणखी काही मदत करू शकते का?"

म्हाताऱ्यांनी फोन आपटला. यंदाची दुसरी नोंद झाली. आता एकच उरली.

तिनं सुट्टीचं बटण दाबलं. दिवसातली दहा मिनिटांची हक्काची सुट्टी. हेडफोन काढला आणि जेवणाच्या टेबलापाशी जाऊन नकाशावर वाकली. नवऱ्याला वाटलं, बायकोला रस वाटतोय. तो सरसावून दाखवायला लागला.

"हा सोफा, हा टीव्ही..."

नकाशा सुरेख होता, यात वाद नाही. सोफा होता, त्यावरच्या उशा मोजून होत्या. माशांची पेटी होती, चपलांचं कपाट होतं. खिडकीतली रबराच्या झाडाची कुंडी अगदी तिच्या गोलाईसकट काढली होती. खांब होता. खांबाला टेकून मागच्या डाव्या स्पीकरचा गोल होता. ती बोट फिरवत गेली, एकदा, दोनदा. टेबल नव्हतं. खुर्ची नव्हती. दोन वर्षांहून जास्त, दिवसाचे नऊ तास ती जिथे बसत होती, तिथे कोरा कागद होता.

"मी कुठे बसते?" तिनं विचारलं.

"अं?"

"या घरात मी कुठे बसते, ते दाखवा."

"अगं, ते टेबल हलणारं आहे म्हणून नाही काढलं. नकाशात कायमच्या वस्तू काढतात."

"कुंडी कायमची आहे?"

हा आवाज नवऱ्यानं कधी ऐकला नव्हता. तो मोठा होता, खरखरीत होता.

"अकरा दिवस काढलात हा कागद. चपलांचं कपाट मोजलंत. माशांची पेटी मोजलीत. मी तुमच्या डोक्याच्या मागे चार हातांवर बसून दिवसभर लोकांच्या शिव्या खाते, ती मी तुम्हाला दिसले नाही. लोकांना सांगत फिरता, हिला राग येत नाही. येतो. रोज येतो. भिंत पाडलीत तेव्हा आला, सामना लावलात तेव्हा आला, आज सकाळी घरीच असतेस म्हणालात तेव्हा आला. तो बाहेर काढायला मला या घरात जागा ठेवली नाहीत तुम्ही. आत्ता माझ्या हातानं मी माझीच तक्रार लिहिली. आणखी एक झाली की नोकरी गेली."

"अगं हळू. परका माणूस आहे."

"घरात कोण परकं आहे, तुम्हीच विचारलं होतं ना?"

स्पीकरवाला फीत गुंडाळत उभा होता. टाळ्या त्यानं वाजवल्या होत्या, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. "ताई, माफ करा, मला कळलं नाही तुम्ही फोनवर होता ते," असं तो पुटपुटला आणि विषय बदलायला म्हणून नवऱ्याकडे वळला. "साहेब, तशीही ही जागा स्पीकरला बरोबर नाही. उजव्या अंगाला भिंत आहे, डाव्या अंगाला काहीच नाही. डावीकडचा सगळा आवाज स्वयंपाकघरात पळून जातोय. कितीही चांगले स्पीकर लावा, एका बाजूनं लंगडंच वाजणार. इथे भिंत असती, तर मागचा डावा तिच्यावरच ठोकला असता, खोलीत आवाज मस्त बसला असता."

नवऱ्यानं पेन्सिल उचलली. खरंच उचलली, लगेच. चेहरा उजळला होता त्याचा.

"मग घालू की भिंत. अर्ध्या विटेची पुरेल ना? उद्याच गवंड्याला बोलावतो." त्यानं पट्टी ठेवून, होती तिथेच, मधल्या खोलीच्या पुढच्या भिंतीची रेघ ओढली. मग मान वर करून, अगदी निर्मळ आनंदानं, बायकोकडे बघितलं. "बघ, तुझंही काम झालं. तुला हवीच होती ना भिंत?"

मगाशी ती ओरडली तो राग काहीच नव्हता, असं तिला वाटलं. दोन वर्षं तिनं मागितली ती भिंत. नोकरीसाठी मागितली, डोकं शांत राहावं म्हणून मागितली, तेव्हा तो वेडेपणा होता. स्पीकर लंगडा वाजेल म्हटल्याबरोबर ती मिळाली. त्या भिंतीवर थुंकावं, नको म्हणून सांगावं, असं तिला मनापासून वाटलं. पण एकच नोंद उरली होती, आणि रागापायी नोकरी घालवण्याइतकी ती खुळी नव्हती.

तिनं त्याच्या हातातून पेन्सिल घेतली. नव्या रेघेच्या पलीकडे, स्वयंपाकघराच्या बाजूला, एक चौकोन काढला. त्याच्यापुढे एक छोटा चौकोन, खुर्चीचा. मग रेघेत दार काढलं आणि दाराच्या आतल्या अंगाला, पेन्सिल दाबून, एक आडवी खूण केली.

"हे काय?"

"कडी. माझ्या बाजूला."

नवरा हसायला गेला, पण ती हसत नव्हती. तो नकाशाकडे बघू लागला. त्या दारापलीकडे काय काय होतं, ते त्याला आत्ता कुठे दिसायला लागलं: फ्रिज, गॅस, पिण्याचं पाणी.

"आणि दिवसा मला चहा लागला तर? साधं पाणी हवं असलं तर?"

तिची दहा मिनिटं संपत आली होती. ती खांबापाशी गेली, खुर्ची ओढून बसली आणि हेडफोन कानावर नीट बसवला.

"शिफ्ट सहाला संपते," ती म्हणाली.